जर्मनीला निघालात? बॅगेबरोबर मैत्रीचीही तयारी करा

पुण्यातून जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलांची तयारी वर्षभर चालते. बोट क्लब रोडला माक्स म्युलर भवनात नाहीतर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनच्या परीक्षा, मग व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), तुळशीबागेतून मिसळणाचा डबा, थंडीची जाकिटं. यादी दोन पानं भरते. त्या दोन पानांत माणसांबद्दल एक ओळही नसते. "गेल्यावर होतील की मित्र" एवढ्यावर ते सोडून दिलेलं असतं. मित्र होतातच, पण बहुतेक वेळा कोथरूड, सिंहगड रोड आणि पिंपरी-चिंचवडचेच.

त्यात वाईट काही नाही. नव्या घरी गेल्यापासून 14 दिवसांत शहराच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो, तो कसा हे मराठीत सांगणारं कुणीतरी हवंच. अडचण येते ती त्या गोतावळ्यात संध्याकाळचा सगळा वेळ गेला की. स्टीफन बॉक्नर आणि सहकाऱ्यांनी 1977 मध्ये हवाईतल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीचा अभ्यास केला होता. त्यात तीन वर्तुळं दिसली: आपल्या देशातले, यजमान देशातले आणि आपल्यासारखेच तिसऱ्याच देशांतून आलेले. पहिल्यांकडून घरचा आधार, दुसऱ्यांकडून अभ्यासाची आणि कामकाजाची मदत, तिसऱ्यांबरोबर विरंगुळा, अशी साधारण वाटणी होती.

माझं ठाम मत असं की सुरुवात तिसऱ्या वर्तुळापासून करावी. इराण, तुर्कस्तान, ब्राझील, व्हिएतनामहून आलेली मुलंही तुमच्यासारखीच दोन बॅगा घेऊन उतरलेली असतात. त्यांच्याही संध्याकाळी रिकाम्या आणि सणही एकट्याने जाणारे. जर्मन मुलांचा शाळेपासूनचा गट ठरलेला असतो आणि त्यांतली बरीचशी शुक्रवारी दुपारी आईवडिलांकडे जातात. ती जवळ येतच नाहीत असं नाही. उशिरा येतात आणि आली की टिकतात. पण पहिल्या तीन महिन्यांत त्यांच्याकडून "चल, भेटू" ची वाट बघत बसलात तर निराशा पदरी येईल.

आता तासांचा हिशेब. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की नुसत्या ओळखीतून साधा मित्र व्हायला अंदाजे 50 तास एकत्र जावे लागतात, मित्र म्हणण्याजोगं नातं व्हायला 90 आणि जिवलग व्हायला 200 हून जास्त. शिवाय वर्गात किंवा कामाच्या ठिकाणी शेजारी बसून गेलेले तास तितकेसे उपयोगी पडत नाहीत. मोकळे तास लागतात. जर्मन विद्यापीठात एक लेक्चर 90 मिनिटांचं असतं आणि सत्रात साधारण 14 आठवडे. म्हणजे एका विषयाला शेजारी बसून सत्रभरात 21 तास झाले, तेही बहुतांश गप्प बसून. उलट आठवड्यातून दोन संध्याकाळी अडीच-अडीच तास एकत्र स्वयंपाक, जेवण, भांडी केली तर 40 आठवड्यांत 200 तास होतात. दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी हे गणित सहज जमणारं आहे. मात्र माणसं तीच राहायला हवीत. दर आठवड्याला नव्या पार्टीत 30 नव्या लोकांशी 'कुठून आलास, काय शिकतोस' करत राहिलं तर वर्षाअखेर फोनमध्ये 300 नंबर असतात आणि ताप आल्यावर फोन करायला कुणी नसतं.

म्हणून खोली निवडताना भाड्याइतकंच स्वयंपाकघर बघा. विद्यार्थी वसतिगृहांत साधारण तीन प्रकार सापडतात: स्वतंत्र बाथरूम-किचन असलेली एकटी खोली, तीन ते आठ जणांची सामायिक सदनिका, आणि एका मजल्याला एक मोठं किचन. घरचे हमखास पहिल्या प्रकारावर बोट ठेवतात, स्वच्छता आणि सोवळं-ओवळं दोन्ही सांभाळलं जातं म्हणून. मैत्रीच्या दृष्टीने तो सगळ्यात वाईट पर्याय. एमआयटीमधल्या वेस्टगेट वसाहतीचा 1950 चा अभ्यास याबाबत प्रसिद्ध आहे. जिन्याजवळ आणि टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांची इतरांशी जास्त मैत्री झाली होती, कारण येता-जाता लोक त्यांच्या दारावरून जात. जर्मन वसतिगृहात तो जिना म्हणजे किचन.

बाहेर खोली शोधत असाल तर जाहिरातीत 'त्स्वेक-वेगे' हा शब्द ओळखायला शिका. वेगे म्हणजे सामायिक घर, आणि त्स्वेक-वेगे म्हणजे निव्वळ भाडं वाटून घेण्यापुरतं एकत्र राहणं, दारं बंद. 'काइने त्स्वेक-वेगे' लिहिलं असेल तर त्या लोकांना अधूनमधून एकत्र जेवणारं, बोलणारं माणूस हवंय. अशा घरांत तुमची मुलाखत होते. आपण तिथे "मी खूप शांत आहे, कुणाला त्रास देत नाही" असं सांगून मोकळे होतो. ते भाडेकरूचं उत्तर झालं. त्यांना जाणून घ्यायचं असतं ते तुम्ही रविवारी काय करता, काय रांधता, कशावर हसता.

किचन मिळालं की एक वार धरा. मंगळवार ते गुरुवारमधला कुठलाही, समजा बुधवार. शनिवार-रविवारी लोक गावी जातात, शिवाय रविवारी दुकानं बंद, कोथिंबीर विसरली तर विसरलीच. संख्या पाच ते आठ. आठाच्या वर गेलं की टेबलावर दोन गट पडतात आणि एकाच भाषेची माणसं आपापसांत वळतात. एकाच देशाचे दोनापेक्षा जास्त नकोत. हा नियम पाळायला जड जातो, तरी पाळाच. तिघं मराठी एकत्र बसले की दहाव्या मिनिटाला गाडी मराठीवर येते आणि समोरचा व्हिएतनामी मुलगा ताटात बघत जेवतो.

पहिल्या खेपेला पंचपक्वान्नं नकोत. मुगाची खिचडी करा. आठ जणांना 500 ग्रॅम तांदूळ, 250 ग्रॅम मूगडाळ आणि अंदाजे तीन लिटर पाणी. पुण्याहून नेलेला तीन लिटरचा कुकर याला पुरत नाही, कारण खिचडीला तो अर्ध्याच्या वर भरता येत नाही. पाच लिटरचं पातेलं घ्या, अर्ध्या तासात होते. कुकर लावणारच असाल तर शिट्टी होईल हे आधी सांगून ठेवा. ती पहिल्यांदा ऐकणारा माणूस खरंच घाबरतो. मिरच्या दोनच, अख्ख्या, म्हणजे काढता येतात. ठेचा वाटीत वेगळा. पापड मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभराच्या आत भाजले जातात. तुपाचं म्हणाल तर नेऊच नका. युरोपीय संघाबाहेरून प्रवासी सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यात तूप आणि पेढेही आले. तिथे 250 ग्रॅमचं बिनमिठाचं लोणी मिळतं. ते मंद आचेवर कढवलं की साधारण 200 ग्रॅम तूप निघतं, आणि कढवतानाचा वास घेऊन लोक आपणहून किचनमध्ये डोकावतात.

शेगडी बहुतेक काचेची सपाट असते. त्यामुळे घरची गोल बुडाची कढई तिथे निकामी, सपाट बुडाचंच भांडं हवं. फोडणीला हीच शेगडी दगा देते. ती तापायला वेळ लावते आणि बंद केल्यावरही तापलेलीच राहते, म्हणून मोहरी तडतडायला लागली की बटण फिरवून उपयोग नाही, भांडं उचलून बाजूला ठेवावं लागतं. नाहीतर मोहरी करपते, धूर होतो आणि स्मोक अलार्म किंचाळतो. फोडणीआधी खिडकी उघडा, किचनचं दार मात्र लावा, कारण धूर कॉरिडॉरमध्ये गेला तर अख्खा मजला खाली उतरेल. आणि जाकिटं किचनमध्ये लटकत असतील तर आधी बाहेर न्या. लोकरीच्या कोटात शिरलेला हिंगाचा वास आठवडाभर जात नाही, आणि ज्याचा कोट आहे तो भिडेपोटी बोलणारही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, यात कसूर नको. आमंत्रण देतानाच प्रत्येकाला विचारा: काय खात नाही आणि कशाची अ‍ॅलर्जी आहे? शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी काहींना जिवावर बेतणारी असते, आणि आपल्या चटणीत, कोशिंबिरीत, साबुदाण्यात दाण्याचं कूट असतं हे बाहेरच्याला दिसत नाही. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं. ग्लुटेन न चालणाऱ्या मुलीला खिचडी बिनधास्त वाटेल, पण फोडणीतल्या हिंगात गव्हाचं पीठ असेल तर तो तिला बाधेल. डबीवरचं लेबल वाचा. तूप व्हीगन नाही. उलट बाजूने, तुम्ही शाकाहारी असाल तर तिथल्या बऱ्याच जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असतं आणि पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने बनतं, हे तुम्हीही सांगून ठेवा. 'शाकाहारी' या एका शब्दात अंडं आणि मासे येतात की नाही ते प्रत्येक देशात वेगळं असतं, म्हणून पदार्थांची नावं घेऊन बोला.

जेवण झाल्यावर आपण मराठी माणसं एक चूक न चुकता करतो. कुणी भांडी घासायला उठलं की "अरे राहू दे, मी करते". घरच्या संस्कारांतून येतं ते, प्रेमानेच. पण समोरच्याला त्यातून कळतं की तो पाहुणा आहे, आणि पाहुणा दर आठवड्याला येत नाही. त्याला घासू द्या. किराण्याचे डोक्यावर येतील ते दोन-तीन युरो घ्या. तिसऱ्या आठवड्याला "पुढच्या बुधवारी तू काय करणार?" असं विचारा आणि किचन त्याच्या हवाली करा. त्याच्या स्वयंपाकात तुम्ही कांदा चिराल तेव्हा खरी जवळीक सुरू होते. निघताना ओटा पुसा, कचरा त्या त्या डब्यात टाका (कागद, प्लास्टिकची वेष्टनं, ओला आणि उरलेला, असे निदान चार), आणि रात्री 10 नंतर आवाज बंद. हे चुकलं तर शेजाऱ्यांची चिठ्ठी लागते आणि बुधवार बंद पडतो.

आग्रहाचीही गोष्ट आहेच. जर्मन मुलगा "नाइन, डांके" म्हणाला की त्याचं पोट भरलेलं असतं. दुसऱ्यांदा वाढायला गेलात तर त्याला अवघडल्यासारखं होतं. इराणी मुलीचा पहिला नकार मात्र आपल्यासारखाच असतो. त्यांच्याकडे त्याला 'तारोफ' म्हणतात, दोन-तीनदा नको म्हणायचं आणि मग घ्यायचं. एकाच टेबलावर दोघांशी दोन तऱ्हांनी वागावं लागतं. घोटाळा झाला तर सरळ विचारा, "तुमच्याकडे किती वेळा विचारतात?" असा प्रश्न कुणाला टोचत नाही, उलट त्यावर अर्धा तास गप्पा होतात.

भाषेत आपण कुठे अडखळतो ते इथेच पुण्यात समजून घेतलेलं बरं. मराठीत विनंती क्रियापदाच्या शेपटीत असते: "मीठ दे ना", "जरा सरकतोस का". तो 'ना' आणि तो 'जरा' इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये गळून पडतो आणि उरतो नुसता हुकूम: मीठ दे. म्हणून 'प्लीज' आणि 'बिटं' मुद्दाम जिभेवर बसवावे लागतात. आभाराचंही तसंच. जिवलग मित्राला "धन्यवाद" म्हटलं तर तो विचारेल, "काय रे, परकं केलंस?" तिथे 'डांके' न म्हणणं म्हणजे गृहीत धरणं. दिवसातून वीस वेळा म्हणा, काही बिघडत नाही. मान हलवण्याचंही लक्षात ठेवा. आपली ती डावी-उजवीकडे डुलणारी 'हो, हो' ची मान बऱ्याच जणांना 'नाही' किंवा 'माहीत नाही' वाटते. तोंडाने हो म्हणा.

आणि "या एकदा घरी" हे वाक्य. आपल्याकडे ते निरोपाचं आहे. जर्मन माणूस कॅलेंडर उघडून विचारतो, "कधी?" त्यावर "बघू, कळवतो" म्हणालात तर तुम्हाला बोलवायचंच नाही असं तो समजतो, आणि पुन्हा विचारत नाही. तारीख आणि वेळ सांगा. दोन आठवड्यांनंतरची असली तरी चालते. जमणार नसेल तर स्पष्ट "नाही जमणार" म्हणा. नकाराने तिथे मैत्री तुटत नाही, ठरवून न गेल्याने तुटते. दारू घेत नसाल तर एकदाच, कारण न देता सांगा आणि सफरचंदाच्या रसाचा पेला उचला. 'प्रोस्ट' म्हणताना मात्र समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, पेल्यात काय आहे ते कुणी बघत नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी कधीही देऊ नका, जर्मनीत ते अशुभ मानतात. आणि केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा. तुमच्या वाढदिवसाला कुणी काही आणलं नाही म्हणून खट्टू होण्याआधी हे आठवा. रशियन किंवा युक्रेनियन मैत्रिणीला फुलं नेलीत तर विषम संख्येत न्या, सम संख्या तिकडे अंत्यसंस्काराची. आपण पाकिटात वर एक रुपया घालतोच, त्यामुळे हे लक्षात ठेवायला सोपं.

मराठीच्या पोतडीत यासाठी एक मोठा ठेवा आहे, फार थोडे जण तो वापरतात. ब्राझीलच्या मित्रासमोर बटाटा, काजू, पाव, चावी, पगार, लिलाव असे शब्द म्हणून बघा. हे सगळे पोर्तुगीजमधून आपल्याकडे आले आणि तो त्यांतले बरेच ओळखेल. बटाट्याला तर तोही 'बताता'च म्हणतो. तुर्की मुलाला हिशेब, दुकान, मैदान, हवा हे शब्द जवळजवळ जसेच्या तसे कळतात. इराणी मैत्रिणीला सांगा की आमच्याकडे फडणीस आणि चिटणीस अशी आडनावं आहेत. त्यातला 'नवीस' म्हणजे लिहिणारा, हे तीच तुम्हाला सांगेल. पेशवा हा शब्दही तिच्या भाषेतला. तिचा नवरोज 20 किंवा 21 मार्चला येतो आणि गुढीपाडवा त्याच्या आगेमागे काही आठवड्यांत. दोन्ही नवी वर्षं एकाच टेबलावर साजरी करता येतात: तिच्याकडचे 'स'ने सुरू होणारे सात पदार्थ, त्यात सफरचंद, लसूण आणि शिरकाही असतो, आणि आपल्याकडची साखरेची गाठी. कडुनिंब मिळाला नाही तरी त्याची गोष्ट सांगा.

जर्मन शिकायला टॅन्डेम जोडीदार, म्हणजे एकमेकांना आपापली भाषा शिकवणारा, मिळाला तर 45 मिनिटं एक भाषा, 45 मिनिटं दुसरी, आणि घड्याळ लावून. घड्याळ नसेल तर दोन्ही वेळा इंग्रजी गिळून टाकते. विद्यापीठाच्या क्रीडाकेंद्राच्या वर्गांत भिंत चढण्याचा खेळ निवडा, ज्यात जोडीदार खालून दोर धरतो, नाहीतर गायनवृंद, म्हणजे जोडीदार किंवा शेजारी तोच राहील. नोंदणी ज्या दिवशी उघडते त्याच दिवशी करा, चांगले वर्ग भराभर भरतात.

नोव्हेंबर कठीण जातो. घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासभर मागे जातात आणि महिन्याच्या मध्यापासून साडेचारच्या सुमाराला अंधार. ऑक्टोबरमधला उत्साह विरलेला, दिवाळी नुकतीच होऊन गेलेली किंवा फोनवर बघितलेली. याच महिन्यात मुलं खोलीत मिटून घेतात आणि दोन बुधवार चुकले की तिसऱ्याला जायची लाज वाटते. म्हणून नोव्हेंबरातले चारही बुधवार ऑक्टोबरमध्येच ठरवून टाका. आणि मदत मागा. सायकलचं पंक्चर, जर्मन पत्र वाचून घेणं, कपाट उचलायला दोन हात. कुणाला कशाला त्रास, ही आपली शिकवण चांगलीच आहे, पण ज्याच्याकडून कधी काही मागितलं नाही त्यालाही आपल्याकडे मागता येत नाही.

आजारपणात तर नक्कीच. हे पुण्याला वेगळं सांगायला नको. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणारे आणि वसतिगृहाचे रेक्टर असलेले डॉ. शां. ब. मुजुमदार यांना एकदा एक मुलगी खिडकीतून कुणाला तरी खाणं देताना दिसली. चौकशी केली तेव्हा कळलं की आत एक परदेशी विद्यार्थी काविळीने आजारी आहे. त्याला बघणारं दुसरं कुणी नव्हतं. त्या अस्वस्थतेतून 1971 मध्ये सिंबायोसिस उभी राहिली. तुमच्या मजल्यावर त्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना तुम्ही असणार आहात. ताप आला तर गटावर लिहा, "ताप आहे, सूप आणि पॅरासिटामॉल आणून देता येईल का?" एवढं नेमकं. कुणी आजारी पडलं तर "काही लागलं तर सांग" म्हणून थांबू नका. भात आणि वरण डब्यात घालून दारावर टकटक करा. दवाखाने बंद असताना डॉक्टरसाठी 116117 आणि जिवावरच्या प्रसंगाला 112, हे दोन्ही नंबर किचनच्या फळीवर चिकटवून ठेवा.

शेवटी घरच्यांशी एक ठरवून जा. हिवाळ्यात पुणे साडेचार तास पुढे असतं, उन्हाळ्यात साडेतीन. घरून रात्री साडेनऊला फोन आला तर तिथे हिवाळ्यात पाच आणि उन्हाळ्यात सहा वाजलेले असतात. सहा-साडेसहाला किचन भरतं. कानाला फोन लावून मराठीत मोठ्याने बोलत कांदा परतणाऱ्या माणसाशी कुणी बोलायला येत नाही. आईला सांगा, उन्हाळ्यात फोन नऊच्या आत, आणि बुधवारी फोनच नको, बुधवारचं गुरुवारी सांगेन.